पाणी क्लीनर साइडला

बारामतीत कॅनॉलच्या काठाने सायकलींसाठी रस्ता केला आहे. तो मला आवडतो तो त्याच्या तोंडाशी पुरलेल्या लोखंडी खांबांमुळे. खांबांमधून सायकल जाते, मोटारसायकल जात नाही. बागेच्या मागून रस्ता सुरू होतो, कॅनॉल उजव्या हाताला ठेवून झाडांखालून पूर्वेकडे जातो आणि गावाबाहेरच्या एका छोट्या पुलापाशी संपतो. उसाच्या ट्रॉल्या नाहीत, डंपर नाहीत, चौक नाहीत. माझ्या नवऱ्याला चालवण्याजोगा तेवढा एकच रस्ता उरला होता.

ते एसटीत ड्रायव्हर होते. बारामती-इंदापूर इतकी वर्षं केलं की कुठल्या वळणावर कुणाचं कुत्रं आडवं येतं तेही त्यांना पाठ. निवृत्तीनंतर विसरायला लागले. आधी नावं गेली, मग गावातली वळणं. एकदा भर चौकात स्कूटर उभी करून खाली उतरले आणि लोकांना विचारायला लागले, डेपो कुठं गेला? त्या संध्याकाळी मी स्कूटरची किल्ली काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवू द्या, शरीराला बरं, पण रहदारीत नको.

मग त्यांनी स्वतःच नियम बनवला. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवी ती ड्रायव्हर साइड. डावी क्लीनर साइड. एसटीत क्लीनर नसतो, पण बोलायची पद्धत तीच. "जाताना पाणी ड्रायव्हर साइडला," ते मला बजावायचे, जणू विसरणारी मीच. "पाणी क्लीनर साइडला आलं की समजायचं, गाडी घराकडं हाय." मीही हा नियम तपासून पाहिला. बरोबर होता. कित्येक महिने रोज सकाळी ते जायचे, पुलापाशी वळायचे आणि माझा चहा उकळेपर्यंत दारात हजर.

माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. त्या दिवशी टोमॅटोच्या रोपांसाठी वडगावचे शेतकरी लवकर येणार होते, म्हणून मी घाईत होते. चहा झाला, गार झाला. मी फोन लावला. तो घरातच वाजला, टीव्हीच्या खाली, जिथे रिमोट असतो तिथे. रिमोट कुठेच नव्हता. ते फोन समजून रिमोट घेऊन गेले होते.

मी तशीच बाहेर धावले. कॅनॉलला शेतीच्या पाण्याचं आवर्तन चालू होतं. कॅनॉल काठोकाठ भरून वाहत होता.

स्कूटर त्या खांबांतून जाणार नव्हती. शेजारच्या मुलीची सायकल मागून घेतली. गुलाबी, पुढे टोपली, माझ्या उंचीला लहान. मी लग्नानंतर सायकल चालवली नव्हती. ती म्हणाली, "काकू, जमेल का?" म्हटलं, न जमून सांगते कुणाला.

रस्त्यावर सकाळची माणसं चालत होती. ओळखीचे हात करत होते. मी कुणालाच थांबून विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कुणीतरी पाणी अडवणाऱ्या गेटाचं नाव काढलं असतं. कॅनॉलच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं: पाण्यात गेलेलं काहीही असो, पुढच्या गेटाला जाऊन अडकतं. मला ते ऐकायचं नव्हतं. पण सायकल मी थेट तिकडेच नेली.

गेटापाशी चार-पाच माणसं खाली वाकून उभी होती. एकाच्या हातात बांबू होता.

"काय अडकलंय?" मी विचारलं. माझा आवाज नर्सरीत पोरींवर ओरडताना असतो तसाच निघाला.

"बाई, मागं सरा. शेवाळ हाय, घसराल."

"काय अडकलंय ते सांगा."

पांढरं काहीतरी फुगलं होतं, पाण्याबरोबर वरखाली होत होतं. त्यांनी सकाळी पांढरा शर्ट घातला होता. मी सायकलच्या हँडलला धरून उभी राहिले आणि बांबूने ते फिरवलं जाईपर्यंत श्वास घेतला नाही. खताची गोणी होती. आत निर्माल्य भरून कुणीतरी सोडलं होतं. झेंडूची फुलं बाहेर आली आणि गेटाच्या फटीतून निघून गेली. बांबूवाला दोन शिव्या देऊन मोकळा झाला. मी सायकल पुढे काढली.

पुलापाशी मेंढरं बसली होती. त्यांची मालकीण, माझ्याच वयाची असेल, दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती.

"मावशी, सायकलवर एक माणूस बघितला का? उंच, पांढरा शर्ट?"

"व्हय की. लई भला माणूस. मेंढरं वाटंत हुती, त्यो सायकलवरनं उतरला. म्हणला, तुमची गाडी मोठी हाय, तुमी जावा आधी. अन् आमाला वाट दिऊन पुलावरनं पल्याड गेला."

"मग परत आला?"

"न्हाय. पल्याडच्या अंगानंच गेला. जोरात. घरी चहा गार हुतोय म्हणला." तिने काठीने पूर्वेकडे दाखवलं. "घर इंदापूरकडं हाय व्हय तुमचं?"

मी पुलावर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पसरून हिशेब केला. पूल ओलांडून तसंच पुढे पूर्वेकडे निघालं, तर पाणी डाव्या हाताला येतं. क्लीनर साइडला. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते घराकडे निघाले होते. नियम मोडला नव्हता. नियम पाळूनच ते लांब चालले होते, आणि जितकं लांब जातील तितकी त्यांची खात्री पक्की होणार होती.

पलीकडच्या काठाला रस्ता असा नाही. पाटबंधारे खात्याची जीप जाते तेवढी कच्ची वाट, एका बाजूला बाभळी आणि दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये कठडा वगैरे काही नाही. माणूस दिसत नव्हता. एरवी रहदारी नको म्हणून मीच देवाला विनवायचे, आता एखादा ट्रॅक्टर तरी समोर यावा असं वाटत होतं. प्रत्येक वळणावर मी आधी पाण्याकडे बघत होते, मग वाटेकडे. एका जागी सायकलच्या चाकाची खूण तिरकी होऊन थेट काठापर्यंत गेली होती. मी उतरले. खूण काठावरून वळून परत वाटेवर आली होती. मी ती दोनदा बोटाने चाचपून पाहिली आणि पुन्हा सायकलवर बसले.

इंदापूर तालुक्याच्या हद्दीजवळ ते दिसले. सायकल धरून उभे, पाण्याकडे तोंड. पाठमोरे असतानाच मला कळलं की पायांत चप्पल एकच आहे. मी हाक मारली नाही. दचकून पुढे गेले असते तर पाऊलभरही जागा नव्हती. सायकल आडवी टाकली, जवळ गेले आणि दंड धरला.

"अगं," ते म्हणाले, "पाणी क्लीनर साइडलाच हाय बघ. मी कुठं वळलोबी न्हाय. मग घर का येईना?"

  शर्टाच्या खिशातून टीव्हीचा रिमोट डोकावत होता.

"चला, मी आले ना. मागं वळा."

त्यांनी सायकल वळवली, बघितलं, आणि थांबले. पाणी आता उजवीकडे होतं.

"हे उलटं हाय. असं गेलं की गाडी लांब जाती. मी न्हाय येत."

"अहो, मी सांगते ना."

"तुला काय कळतं रूटमधलं? कधी गाडी चालवलीस?"

समजावलं, रागावले, दंड ओढला. ते मागे सरकायला लागले, आणि मागे पाणी होतं.  ओढलं तर पडतील, सोडलं तर पडतील. एका हाताने त्यांचा शर्ट मुठीत धरून मी दुसऱ्या हाताने माझी सायकल उचलली, तेव्हा गुलाबी घंटीवर अंगठा पडला. टण. त्यांनी मान वर केली. एसटीत एक बेल म्हणजे थांब. आणि डबल बेल म्हणजे चल. लग्न झाल्यापासून मला माहीत होतं.

मी थांबले, आणि मग नीट दोनदा वाजवली. टण टण.

ते सायकलवर बसले आणि पॅडल मारलं. पाणी कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी एकदाही बघितलं नाही. कंडक्टरने बेल दिली की ड्रायव्हर रस्ता विचारत नाही. पुलापर्यंत मी मागून आले, त्यांचा शर्ट घामाने भिजलेला, पाणी माझ्या उजव्या कोपराशी.

घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, सायकल विकून टाका. मी सकाळी नर्सरीचं कुलूप उघडायला दुसरी बाई ठेवली आणि स्वतःसाठी एक जुनी सायकल घेतली, घंटी बघून. आता रोज सकाळी ते पुढे, मी मागे. पुलापाशी एक बेल, ते थांबतात. मी त्यांना वळवते, डबल बेल देते, ते निघतात. लोक हसतात, "काय वहिनी, ड्युटी का?" मीही हसते. पण पाण्याच्या बाजूचं पॅडल मारताना माझा पाय अजून आखडतो.

परवा पुलापाशी मी बेल दिली आणि ते थांबले नाहीत. ऐकलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण परत वाजवायची सोय नव्हती. दुसऱ्यांदा वाजवली असती तर त्यांच्या लेखी ती डबल बेल झाली असती. मी जीव तोडून पॅडल मारलं, त्यांचं कॅरिअर पकडलं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. आम्ही दोघं पुलाच्या तोंडाशी थांबलो.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

"कंडक्टर नवीन हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जुनीच आहे."

आम्ही सायकली हातात धरून चालतच आलो; त्यांचं कॅरिअर मी घर येईपर्यंत सोडलं नाही.