मास्कला हात लावायचा नाही

पुण्यात राहून स्कूबा डायव्हिंगची शिक्षिका होणार आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठे, मुठेत?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खूश होऊन हसतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बँकेत, मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीत, मी हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच म्हणायला लागले, "हो, भिडे पुलाखाली. येताय? टॉवेल आपला आपण आणा."

खरं उत्तर साधं होतं. धायरीत एक तरणतलाव आहे. लहान मुलांची बॅच आटोपली की दुपारी तो आम्हाला मिळायचा. परीक्षा कोकणात, समुद्रावर होणार होती. पण शिकवायचं कसं हे शिकायला समुद्र कशाला लागतो? पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर आणि छातीएवढं पाणी पुरतं. डायव्हिंग मला उत्तम येत होतं. नोकरीतल्या सुट्ट्या साठवून साठवून शिकले होते. मग एक दिवस नोकरीच सोडली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी होती ती. नवऱ्याचं म्हणणं, ऑफिस सुटलं तरी काम चालूच आहे. त्याचं राहू दे.

आमचे सर शनिवार पेठेतले. पुण्याला समुद्र नाही हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो. आवाज कधी चढवत नाहीत. त्याची गरजच पडत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पद्धत समजावली. आम्हीच शिक्षक, आम्हीच विद्यार्थी. जो विद्यार्थी असेल त्याच्या कानात सर एक चूक सांगणार, ती त्याने पाण्याखाली मुद्दाम करायची. शिक्षकाने ती ओळखायची आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची.

माझा जोडीदार नागपूरचा होता. आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि शनिवार-रविवार पाण्यात पडलेला असायचा. घाबरलेल्या विद्यार्थ्याचं काम तो इतकं रंगवायचा की काठावरचे जीवरक्षक काका एकदा खरंच शिट्टी फुंकत धावत आले होते. त्याच्या चुका मला बघताक्षणी दिसायच्या. पट्टा पिळला गेलाय? मी सरळ केला. बकल नीट लागलं नाही? मी लावलं. मास्क वाकडा बसलाय? मी बसवला. सगळं चकाचक. वर येऊन मी सरांकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं.

"बाई, आपण शिकवताय की घर आवरताय?" सर म्हणाले.

"अहो सर, चूक पकडली ना मी!"

"पकडलीत. दुरुस्तही केलीत. आणि हा काय शिकला?"

"मले तं लय मजा आली, बाप्पा," नागपूरकर म्हणाला. "ताईच सगळं करून देऊन राहिली."

हे पुढे नेहमीचंच झालं. मी हात लावायचा नाही असं घोकत पाण्यात जायचे आणि समोर कुणीतरी क्लिप उलटी लावताना दिसलं की माझा हात आपोआप पुढे जायचा. मी चिडले. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि हातही लावायचा नाही, मग माणसाने शिकवायचं कशाने, नजरेने? असं मी विचारलंसुद्धा. "हो," सर म्हणाले आणि टाक्या मोजायला गेले.

परीक्षा जवळ आली तसं सरांनी मला बाजूला बोलावलं. "एक कोरा माणूस आणा. कधी पाण्याखाली न गेलेला, खरा घाबरणारा. मी शेजारी असेनच. मास्कमध्ये गेलेलं पाणी त्याने तुमच्या हाताशिवाय काढलं, तर परीक्षेला पाठवतो. नाहीतर पावसाळ्यानंतर बघू."

"आणि तो बुडायला लागला तर?"

"तुमचा हात जवळच हवा. माणूस गुदमरला तर त्या क्षणी धरायचं, तिथे हयगय नाही. पण नुसता गोंधळला असेल, तर मास्कला हात लावायचा नाही."

घरी येताना माझं डोकं भणभणत होतं. नोकरी सोडून बसलेली मी; पावसाळ्यानंतर म्हणजे दिवाळी. पण खरी भीती वेगळीच होती. एवढी साधी गोष्ट मला जमत नसेल, तर मी पाण्याखाली कितीही सुंदर पोहले तरी शिक्षिका कधीच होणार नाही, हे मला कळत होतं. त्या रात्री मी नवऱ्यावर उगाच खेकसले.

आता कोरा माणूस आणायचा कुठून? नवरा पट्टीचा पोहणारा, तो बाद. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, मी तर पाणीपुरीलाही घाबरते हल्ली." आणि मग आई म्हणाली, "मी येते. नोकरी सोडून तू नक्की काय दिवे लावतेस ते बघू तरी."

आई वारज्यातच, आमच्या शेजारच्या इमारतीत राहते. तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती बरीच वर्षं घरी शिवणाचा क्लास घ्यायची. तिच्या क्लासमधल्या मुलींचे ब्लाउज बघत राहावे असे असायचे, कारण ते सगळे आईने शिवलेले असायचे. मुलीने काखेत टीप घालायला घेतली की आईचं सुरू, "अगं, असं नाही. दे इकडे." ती मुलगी मग शेजारी बसून शेंगा खायची. माझ्या शाळेतल्या रांगोळीत तिची बोटं, माझ्या प्रयोगवहीत तिच्या आकृत्या. स्कूटर शिकताना ती मागे बसली होती. वळणावर तिला माझा अंदाज पटला नाही, तेव्हा तिने मागून माझ्या काखेखालून हात घालून थेट हँडलच धरलं. आम्ही दोघी बांधकामाच्या वाळूत. आणि वर मलाच ऐकवलं, "मी होते म्हणून वाळूत पडलो, नाहीतर गटारात गेलो असतो!" अजूनही ती माझ्या मागे बसली की एक हात हँडलच्या दिशेने तयार असतो.

हा हात माझ्याकडे कुठून आला हे काही संशोधनाचं काम नव्हतं.

डॉक्टरांनी तिला तपासून परवानगी दिली. "प्रकृती ठणठणीत आहे, भीतीचं मला सांगता येणार नाही," म्हणाले. भीती होतीच. आई न्हाताना डोक्यावरून पाणी घेते तेव्हाही नाक चिमटीत धरते.

ठरल्या दुपारी ती तलावावर आली ती थेट कामालाच लागली. नागपूरकर खांद्याचा पट्टा ओढत होता. "अरे, पिळला गेलाय तो. दे इकडे," म्हणत तिने त्याचा पट्टा सरळ करून टाकला, वर पाठीवर एक थाप. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता सगळा उलगडा झाला." मला हसू आवरेना आणि राग पण आला.

काठावर बसून मी तिला समजावलं. मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं. श्वास तोंडाने चालूच ठेवायचा, रेग्युलेटर दातांतून सोडायचा नाही. डोकं जरा वर करायचं, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि शेजारचं बोट जोडून खूण करायची.

"म्हणजे भाजीत मीठ बरोबर पडलंय, तसं," आई म्हणाली.

"हो, तसंच."

"मग सोपं आहे."

पहिल्या खेपेला मास्कमध्ये पाणी शिरताच ती तडक उभी राहिली. पाणी छातीएवढंच होतं, पण चेहरा असा की अरबी समुद्रातून वर आली आहे. ठसका, शिंका, आणि मग माझ्यावर तोफ. "नाकात गेलं! तू धर ना जरा मास्क, मी फुंकते."

"नाही आई. तूच धरायचास."

"अगं, दोन्ही हात रिकामे आहेत तुझे!"

"आहेत. रिकामेच ठेवायचेत."

सर आभाळाकडे बघत होते. आई मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "काय बाई शिक्षण तरी!" मला वाटलं, आता ही चढून बाहेर जाणार आणि माझी परीक्षाही तिच्याबरोबर टॉवेलमध्ये गुंडाळून जाणार. पण आमच्या घरात अर्धवट टाकलेलं शिवण चालत नाही. तिने स्वतःच मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला. "चल," म्हणाली.

आम्ही पुन्हा तळाशी गुडघ्यांवर बसलो. समोर ती, पलीकडे सर. तिने मास्कची कड उचलली आणि जरा जास्तच उचलली. मास्क पुरता भरला. तिने डोळे गच्च मिटले, हात मास्ककडे नेला आणि दाबली नेमकी खालची कड. फुंकलं; पाणी जिथल्या तिथे. पुन्हा फुंकलं. तिचे खांदे वर चढले, दुसरा हात पाण्यात मला शोधायला लागला.

खरं सांगते, तिची बोटं खालच्या कडेवरून वरच्या कडेवर न्यायची, एवढंच करायचं होतं. एका सेकंदाचं काम. माझा हात तिच्या मास्कपाशी पोचलासुद्धा होता. दे इकडे, दे इकडे, एवढंच डोक्यात वाजत होतं. आणि ती माझी आई होती, कुणी नाटक करणारा नागपूरकर नव्हे.

मग मी तिचे बुडबुडे पाहिले. येत होते. घाईघाईने, पण एकामागून एक येत होते. रेग्युलेटर दातांत घट्ट होता, श्वास चालू होता. ती गुदमरली नव्हती, गोंधळली होती. मी हात तिथेच थांबवला, पाण्यात, तिच्या गालाजवळ. दुसऱ्या हाताने तिचा मला शोधणारा हात धरला. तेवढ्याला ना नव्हती. तिने डोळे उघडले. पाण्यातून तिला मी किती दिसत असेन देव जाणे. मी गालाजवळचा हात हळूच माझ्या मास्कवर नेला, वरच्या कडेवर बोटं ठेवली, मान वर केली, फुंकलं. आणि हात पुन्हा तिच्या गालाजवळ आणून वाट बघत राहिले. इतकी वाट मी आयुष्यात कुणाची पाहिली नाही.

तिची बोटं खालच्या कडेवरून वर सरकली. तिने मान वर केली. फुंकलं. अर्धं पाणी गेलं. ती थांबली, शहाण्यासारखा एक श्वास घेतला आणि परत फुंकलं. मास्क कोरडा झाला आणि आत आईचे लालबुंद डोळे टकामका माझ्याकडे बघायला लागले. मग तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि भाजीत मीठ बरोबर असल्याची खूण केली.

मला रडू फुटलं. मास्कच्या आत ते कुणाला दिसत नाही, हे एक बरं.

वर आल्यावर आईने आधी रेग्युलेटर काढला आणि तोंड सुटल्याबरोबर म्हणाली, "तुझा हात दिसत होता मला. इथपर्यंत आला होता, इथपर्यंत! म्हटलं, आता धरेल, आता धरेल. धरलाच नाहीस. इतका संताप आला तुझा."

"मग?"

"मग काय? केलं मीच." आणि सरांकडे वळून पुन्हा, "मीच केलं हो. हिने काही केलेलं नाही."

"पाहिलं मी," सर म्हणाले. "यांनी काही केलं नाही, हेच बघायला आलो होतो." मग माझ्याकडे बघून, "जा. कोकणाचं तिकीट काढा." नागपूरकराने पाण्यावर दोन्ही हात आपटून एवढा दंगा केला की काका परत शिट्टी घेऊन आले.

परत येताना आई माझ्या मागे स्कूटरवर बसली. केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास, मांडीवर पिशवी. एरवी धायरी ते वारजे म्हणजे अखंड सूचना असतात: हॉर्न दे, डावीकडून घे, तो बघ कसा आला मेला. त्या दिवशी एकही सूचना नाही. सिंहगड रोडच्या गर्दीत थांबलो असताना ती एकदम म्हणाली, "आमच्या क्लासमधल्या पोरी गं. त्यातल्या एकीला तरी आज ब्लाउज शिवता येत असेल का?"

"छान असायचे ते ब्लाउज," मी म्हटलं.

"छान होतेच. मी शिवले होते."

वडगावच्या पुलाखाली एका टेम्पोने पुढे कचकन ब्रेक मारला. मीही मारला. माझ्या काखेखालून तिचा हात सर्रकन पुढे आला, हँडलकडे, मला सवयीचाच. मी अंग आवळून घेतलं. पण हात हँडलपर्यंत पोचलाच नाही. मध्येच थांबला, माझ्या बरगडीजवळ, उघडा. टेम्पो हलला, मी बाजूने स्कूटर काढली, पुढच्या वळणावर वळवली, तरी तो तिथेच होता. मला गलबलून आलं, आणि रस्त्यावर मास्क नसतो.

वारज्याचा चढ लागला तेव्हा मागून आवाज आला, "जवळ ठेवलेला चालतो ना गं?"

"चालतो," मी म्हटलं. "ठेवायचाच असतो."