सातबाऱ्यावर वहिनी कुठं?

आम्ही जयपूरला निघालो त्या दिवशी आमच्या रानाची सरकारी मोजणी होती. शेजाऱ्याशी बांधावरून जुना वाद होता आणि आण्णांनी तालुक्याला कितीतरी खेटे घालून ती तारीख मिळवली होती. त्यामुळे मुलगी परराज्यात चालली तरी वडील स्टँडवर आले नाहीत. "पोरगी दिवाळीला परत येईल, मोजणीवाला येतोय व्हय?" असं ते आईला म्हणाले, माझ्यासमोर. आमची जीप रानाच्या कडेनं गेली तेव्हा फितीचं एक टोक धरून नवी नवरी वहिनी बांधावर उभी होती. लहानपणी आण्णा बांध तपासायला निघाले की दोरीचं टोक माझ्या हातात असायचं. 

गावाकडं राहिलेल्यांना वाटतं, बाहेर पडलेले सुखात आहेत. आहोतच की. यांची विमा कंपनीतली नोकरी, मुरलीपुऱ्यात स्वतःचं घर, भाजीवाल्या भैयाशी मी फर्ड्या हिंदीत भांडते, आणि थंडीत इथंही घरोघरी बाजरीची भाकरी होते, ती मात्र तुपात बुडवून. पण फोनवर वहिनी सहज म्हणायची, "आज रानात हुरडा भाजला," की माझा दिवस वाया जायचा. ती परक्या घरातून आली आणि त्या घरची झाली. मी तिथं जन्मले आणि पाहुणी झाले. दिवाळीला गेले की विचारायची, "वन्सं, चहात साखर किती घालू?" माझ्याच घरात! बाहेर पडलेल्या बायकांनो, तुमच्यापैकी कुणाला हे झालं नसेल तर तुम्ही देवमाणसं आहात.

मागच्या वर्षी आम्ही जयपूरबाहेर बस्सीकडं छोटा प्लॉट घ्यायचं ठरवलं. पैसे देण्याआधी खसरा नंबर नकाशावर बघा, असं शेजारच्या भाईसाहेबांनी बजावलं. मुलीनं लॅपटॉपवर नकाशा काढला. खसरा म्हणजे आपला गट नंबर आणि जमाबंदी म्हणजे आपला सातबारा, हे मी तिला सांगितलं, आणि सांगता सांगता विचारलं, "आमच्या गावचं निघतं का गं?"

निघालं. आण्णा गेल्यावर वारसनोंद झाली होती. आई, दादा, आणि सासरच्या आडनावासकट मी. मुलगी हिंदीच्या चालीवर अडखळत वाचत होती. "मम्मी, मतलब हे सगळं तुझं आहे?" मी म्हटलं, "थोडं." त्या थोड्याच्या आनंदात मी बाकी काही नीट पाहिलंच नाही.

मग रोज दुपारी मी गटाचा नकाशा उघडून बसू लागले. त्यात काय दिसतं? एक वेडावाकडा चौकोन आणि मधे आकडा. वरच्या कोपऱ्यात रेघ आत दबली होती, ती का ते काही आठवेना. शेवटी वहिनीला फोन केला. "तिथं बोरीचं झाड हाय न्हवं का," ती लगेच म्हणाली. "बांध त्याला वळसा घालून जातोय. आम्ही तिथंच भाकरी खातो. कागद बघून रान कळतंय व्हय वन्सं?" ती हसली. मी फोन ठेवून दिला आणि संध्याकाळी विनाकारण यांच्यावर डाफरले.

आणि मग दादाचा फोन आला: हक्कसोडपत्र करून टाकू. आमच्याकडं रीतच आहे. बहिणीनं सही करायची, भावानं साडी नेसवायची, आणि माहेर तुटत नाही असं सगळ्यांनी म्हणायचं. सही केली की सातबाऱ्यावरचं माझं नाव जाणार. दादाला मी हसत दिलं असतं. पण ते रान वहिनीचं होणार, म्हणून माझ्या जिवावर आलं होतं.

मे महिन्यात गेले. नोंदणी कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी वहिनीबरोबर रानात गेले. बांधावरून ती न बघता चालत होती, मी बघून बघूनही अडखळत होते. बोरीखाली बसल्यावर तिनं माझ्या फोनकडं बोट केलं. "त्यात सातबारा दिसतो म्हणं. माझं नाव कुठं हाय, दाखवा की."

मी उघडला. आई, दादा, मी. वर पाहिलं, खाली पाहिलं. इतके दिवस मी हा कागद उघडत होते, आणि ती त्यात आहे असं गृहीत धरूनच तिच्यावर जळत होते.

"असू द्या," ती म्हणाली. "माहेरच्या रानाची सही दिली तवा भाऊ म्हणाला, तुझं तिकडं हायच की. कुठंच न्हाई बघा. तुमचा लई हेवा वाटतो वन्सं, खरं सांगते."

माझा! रात्री जेवताना दादाला सांगितलं, "नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव लागतं. आधी वहिनीचं लाव, मग मी सही करते." दादाचा घास हातातच राहिला. "रान काय पळून चाललंय का?" तो म्हणाला. वहिनीनं मला भाजी वाढली, न विचारता. मी सही न करता जयपूरला परतले. दादा अजून रुसलेला आहे.

दुपारी मी अजूनही सातबारा उघडते, पण आता तिचं नाव शोधायला. अजून लागलेलं नाही. लागलं की मी सही करणार, दिलेला शब्द मोडणार नाही. आजवर तिच्याकडं नसलेल्या गोष्टीवरून मी तिच्यावर जळले. त्या दिवशी मात्र रान खरोखर तिचं होईल. मला घर कुठं आहे असं विचारलंत, तर ते तिथं आहे, जिथं तिचं नाव लागावं म्हणून मी अडून बसले आहे आणि ते लागलं की ढसाढसा रडणार आहे.