ब्रेकमध्ये तेल

आमची जीप मिरवणुकीहून परत आली तेव्हा तिच्या जाळीत झेंडूची माळ होती, सीटच्या शिवणींत गुलाल होता आणि ब्रेक ओरडायचे थांबले होते. पहिल्या दोन गोष्टी अपेक्षितच होत्या. तिसरीकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं, पण मेहुण्यांनी गाडी परत केली हेच इतकं नवल होतं की बाकी काही सुचलं नाही.

जीप सासऱ्यांची. जुनी, फोर व्हील, वर ताडपत्री. त्यांनी ती मुलाला न देता मुलीला दिली, कारण मुलगी गाडी चालवायला शिकली होती आणि मुलगा फक्त हॉर्न वाजवायला. माझी बायको कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या शाळेत शिकवते. शाळेचा तांदूळ, पुस्तकं, कधी आजारी पोर, सगळं याच जीपमधून वरखाली होतं. रस्ता असा की आमच्या भिसेगावातली चकचकीत वाहनं तो लांबून बघूनच परत फिरतात.

मेहुण्यांकडे स्वतःची मोठी पांढरी गाडी आहे. तिला टपावर खिडकीही आहे, पण तिच्यातून त्यांचा अर्धाच भाग बाहेर येतो आणि तो परत आत घ्यायला दोन कार्यकर्ते लागतात. शिवाय काचेआडचा माणूस लोकांना दिसत नाही, आणि न दिसण्यासाठी त्यांनी एवढे कपडे कडक इस्त्रीचे केलेले नसतात. म्हणून खालापूरच्या बाजूला त्यांची काही मिरवणूक निघाली की त्यांना बापाची जीप आठवते. बाप एवढा आठवत नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बायको वाडीवरून उतरत होती. पहिल्या वळणाला तिने पेडल दाबलं. पेडल गेलं, गाडी थांबली नाही. तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि जीप दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या अंगाला करवंदीच्या जाळीत घातली. मग पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, घरी आली. हातावर ओरखडे होते. चप्पल काढता काढता म्हणाली, "सकाळपासून ब्रेक ओरडत नव्हते. मला वाटलं, दादाने दुरुस्त करून दिले."

शनिवारी मी चाकं काढली. गॅरेजला नेता आलं असतं, पण आमच्या ओळखीचे दोन्ही गॅरेजवाले मेहुण्यांच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभे आहेत. तिथे गेलेली गाडी रविवारी कोणाच्या दारात सापडेल ते सांगता येत नव्हतं, आणि रविवारी मेहुण्यांना ती हवीच होती. त्यांच्या गावाच्या कमानीचं भूमिपूजन होतं. गावात पाणी एक दिवसाआड येतं, पण येताना कमानीखालून येईल अशी ही योजना.

ब्रेकचे ड्रम गंजून बसले होते. हातोडीने चहूबाजूंनी ठोकत एकेक सैल केला. आतल्या शूजची, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांची, लायनिंग झिजून रिव्हेटपर्यंत आली होती. म्हणजे ते ओरडत होते ते बरोबरच ओरडत होते. आणि त्या झिजलेल्या लायनिंगवर इंजिन ऑइल होतं. गळून आलेलं नव्हे, घातलेलं. मागच्या पत्र्याच्या फटीतून कोणीतरी तेलाच्या डबीचं नाक आत घालून मनापासून सोडलेलं, चारही चाकांत, कुणावर अन्याय नको म्हणून.

मी मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "हां, आवाज येत होता म्हनून मीच सांगितलं. आता कशी मऊ चालते!"

मऊ हा शब्द ब्रेकला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

चौक गावातल्या दुकानातून नवे शूज आणले, चाकाच्या सिलिंडरची रबरं आणली, ब्रेक ऑइलचा डबा आणला. ड्रममधली काळी पूड ओल्या फडक्याने टिपली. ती फुंकरीने उडवली तर आपल्याच छातीत जाते. तेलकट ड्रम दोनदा धुतले. स्प्रिंगा परत बसवताना एक उडून तुळशीत गेली. संध्याकाळपर्यंत चारही चाकांचं काम झालं. उरलं ते एअर काढायचं.

रविवारी सकाळी मेहुणे सहा कार्यकर्ते, हार आणि झेंडे घेऊन टेंपोतून आले. जीप लाकडी ओंडक्यांवर होती. चाकं भिंतीला टेकलेली.

"ह्ये काय, दाजी?"

"ब्रेक."

"तुमाला आजचाच मुहूर्त घावला?"

"मुहूर्त तुम्हीच काढलात. तेल घातलंत तेव्हा."

"अवो, मी माइकवर बोलतोय आन् खाली गाडी रडतेय. लोकं हसली ना!"

"म्हणून ब्रेकला तेल?"

"मंग काय तूप घालू?"

कार्यकर्ते हसले, हसणं हे त्यांच्या कामातच येतं. त्यातला एक समजुतीने म्हणाला, "बिजागरी कुरकुरली तर आपन तेलच घालतो की, साहेब."

दारातून बायको म्हणाली, "बिजागरीवर बसून मी वाडीचा उतार उतरत नाय." मग भावाला म्हणाली, "दादा, जाळीत गेली म्हणून माझ्या हाताला नुसते काटे लागले. पलीकडे गेली असती तर?"

"अगं बाय, गेली नाय ना?" मेहुणे म्हणाले. "कायतरी अभद्र बोलू नको. आज शुभकार्य हाय."

घड्याळ बघत त्यांनी मला विचारलं, "किती राहिलंय?"

मी सांगितलं. पाइपात हवा शिरली की पेडल उशीसारखं दबतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी नट सैल करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. नट आवळला की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत.

एक कार्यकर्ता चपला काढून पुढे झाला. बायको म्हणाली, "तुमी नाय. दादा बसंल."

"मी?"

"तेल कोणी घालायला सांगितलं?"

कडक इस्त्रीचे मेहुणे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. जीप मिळायची असेल तर दुसरा रस्ता नव्हता. मी मागच्या चाकापाशी आडवा झालो.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

तेल निघालं, फसफसलं. तेवढ्यात वर फोन वाजला आणि मेहुण्यांनी दोन्ही पाय आखडून घेतले, कारण मोठ्या माणसाचा फोन ते सावधानमध्ये घेतात.

"सोडलात?"

"साहेबांचा फोन होता!"

"मग साहेबांची हवा आत गेली. परत दाबा."

हे एका चाकावर तीनदा झालं. शेवटी बायकोने हात पुढे करून फोन मागितला आणि त्यांनी दिला. त्यांना कोणी काही मागितलं आणि त्यांनी भाषण न करता दिलं, असं मी आधी पाहिलेलं नव्हतं. नंतर काम सरळ झालं. दाबा, धरा, सोडा. घामाने पांढरा सदरा पाठीला चिकटला. इतिहासाच्या पुस्तकांत मिरवणुका फार असतात, त्या आधी चाकाखाली कोण झोपलं होतं ते नसतं, आणि वर बसलेल्याची पाठ कशी दिसत होती तेही नसतं. एका बाबतीत मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही: शेवटच्या चाकाला पेडल दगडासारखं झालं तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "आता लागतोय." आवाजात थोडं नवल होतं.

चाकं चढवली. मेहुण्यांनी खाली उतरून हात पुढे केला. "चावी."

चावी बायकोने घेतली. "आधी बघून येऊ. तू बाजूला बस."

"मी मागं उभा ऱ्हातो. तशी सवय हाय."

"ऱ्हा."

ती पुलाच्या उतारावर घेऊन गेली. मी फाटकातून बघत होतो. पहिल्यांदा तिने हलकेच थांबवली, दुसऱ्यांदा थोडी जोरात, नवे शूज तसेच बसवायचे असतात. तिसऱ्यांदा जीप जिथल्या तिथे उभी राहिली आणि मागचा पांढरा आकार दिसेनासा झाला. परत आले तेव्हा मेहुणे मागच्या बाकावर बसलेले होते, दोन्ही हातांनी दांडा धरून. कार्यकर्त्यांपैकी कोणी हसलं नाही. हे न हसणं मात्र त्यांना जड गेलं असावं.

"जीप मी नेतो," मेहुणे उतरत म्हणाले. "बापाची हाय."

"हाय," बायको म्हणाली. "बाबांनी मला ती चालवायला दिली. तुला उभं ऱ्हायला मी देत होते. आता नाय देत."

"भावाला नाय म्हनतेस? माणसांसमोर?"

"तू मला ज्या गाडीत बसवलंस, तिच्यात माणसं नव्हती. नायतर तिथंच म्हटलं असतं."

मेहुणे माझ्याकडे वळले. असे लोक शेवटी नवऱ्याकडे वळतात. मी हात धुवत होतो. काळं निघायला वेळ लागतो. ते झेंडे आणि हार गोळा करून टेंपोतून गेले. भूमिपूजनाच्या भाषणात त्यांनी बहिणीच्या गाडीचे ब्रेक आपण जातीने बसून करून घेतल्याचं सांगितलं म्हणे. त्यात खोटं काही नाही. बसले होतेच.

सोमवारी ती तांदूळ भरून वर गेली. मी दिवसभर काहीतरी वाचत होतो. काय ते विचारू नये. कशेळ्याकडून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा आवाज ऐकून ठेवत होतो आणि तो कुठे मऊ वाटला की पुस्तक खाली ठेवत होतो.

संध्याकाळी जीप दिसायच्या आधी ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक किंचाळले, शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. मी जाऊन चाकांना हात लावून बघितला. चारही सारखी गरम होती, कुठे ओल नव्हती.

"लागतात," ती म्हणाली. "पण ओरडतात."

"नवे आहेत. थोडे दिवस ओरडतील."

"ओरडू देत," ती म्हणाली आणि चावी नेहमीच्या खिळ्याला न लावता आत घेऊन गेली.