हिराआत्याचा धवला

हिराआत्या गेल्याचं मला फॅमिली ग्रुपवर कळलं. तिच्या सुनेचा मेसेज होता आणि खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग... तीन आठवडे झाले, पण डोळ्यांपुढून जात नाही ती नातीच्या लग्नात माइकपुढे उभी असलेली आत्या.

आत्या मुर्धा गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासूनचे विधी जी बाई धवले, म्हणजे विधींची गाणी, गाऊन पार पाडते, ती. तिचा धवला संपल्याशिवाय नवरीनं पाटावरून उठायचं नाही, असा आमच्यात रिवाज. पुढे गावातलं घर बिल्डरकडे गेलं आणि मुलानं तिला भाईंदरच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर आणलं. एकदा लिफ्ट मधेच अडकली, तेव्हापासून ती खाली उतरेनाशी झाली. गावची लग्नंही एव्हाना डीजेवर लागत होती. तिला बोलवायला कुणी येईना. घरात गायला लागली की शेजारीण बेल वाजवायची, "आंटी, बच्चे की ऑनलाइन क्लास है." मग आत्या भांडी घासताना नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजात गुणगुणायची. "इथं श्वास पन हलूच घ्यावा लागतो, बाय," म्हणायची.

नात सायली कॅनडात नोकरीला. लग्न मात्र इकडेच, रिसॉर्टवर, आणि आजीनं गायचंच हा तिचा हट्ट; त्यापायी आत्या खाली उतरली. इव्हेंटवाला म्हणाला, "आजी, दोन मिनिटं हां, मग एन्ट्रीचं गाणं लावायचंय." धवल्यात आधी गावदेवी, मग कुळातली गेलेली माणसं, एकेकाला हाक मारायची असते... आत्या जेमतेम गावदेवीपाशी पोचली आणि स्पीकर दणाणले. ती थांबली नाही. ऐकू काहीच येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. फोटोग्राफर "मॅडम, उठा ना" करत राहिला, पण सायली आजीकडे बघत पाटावर बसून राहिली. ते ओठ मिटेपर्यंत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आत्या, बसली गं पोर तुझी!"

"बसली," ती म्हणाली. "पन कशाला बसली, ते तिला ठाव न्हाय. आनि मी आता कुनाला सांगू?" त्यानंतर ती नळ सोडूनही गायली नाही.

परवा तिच्या खोलीत तिच्या साड्या आवरत होते, तेवढ्यात सायलीचा व्हिडिओ कॉल आला. "आत्तू, आजी तेव्हा काय गात होती गं? म्हणून दाखव ना."

पहिल्या दोनच ओळी मला येत होत्या. त्या म्हटल्या. ती तिकडे डोळे मिटून ऐकत होती... "पुढे?" तिनं विचारलं.

मी हातातली साडी उलगडली आणि पुन्हा तीच घडी घालायला लागले.