सामाईक विहिरीची वाटणी

कितीदा सांगू तोच किस्सा? जठारपेठेत चहा प्याले बसलो का कोणी ना कोणी म्हणतेच, "आबाजी, ते विहिरीचं सांगा नं." तुमाले हसाले होते, इज्जत माही जाते. घ्या, ऐका अखीन एकदा. मंग पुन्हा तोंड नका उघडू.

माहा जवाई अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. त्याचा फोन आला. "मामाजी, आमचे सारे विषयवाले एका विहिरीवर येऊन राहिले. तुमी या, मधात बसा, दोन शब्द सांगा."

आता तुमीच सांगा, एका विहिरीवर पाच जण जमतात अन् म्हाताऱ्याले मधात बसवतात, ते कायले? वाटणीलेच नं! आमच्या गावात शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण असो का भावाभावाचं, पंच म्हून मलेच बोलवते. शाळा चौथीपर्यंत, पण माह्या वाटणीवर कोणी कोर्टात गेलं नाही. इस्त्रीचं धोतर घातलं अन् अकोल्याहून एसटीत बसलो.

मले जे मागून समजलं ते तुमाले आधीच सांगून टाकतो. त्यायले 'विहीर' हा एक धडा मिळून शिकवाचा होता. भूगोलवाल्यानं रसायनवालीजवळून शिकाव, इतिहासवाल्यानं मराठीवाल्याजवळून, अन् पोराईले सलग एकच धडा भेटाव. खारपाणपट्ट्यातल्या पोराईले विहिरीपरस जवळचं काय आहे? जवायानं प्रिन्सिपॉल मॅडमले कसंबसं मनवलं होतं. मॅडमचं म्हणणं, बैठकीत सारे हो म्हणतीन तं करू, नाही तं विषय बंद. म्हून साऱ्यायचं मन वळवाले विहिरीतला जाणता म्हातारा बोलावला, तो मी.

पोचलो तं आत भांडण चालू. भूगोलाचे सर म्हणे, "जमिनीतलं पाणी पहिल्यापासून आमच्याकडेच आहे."

रसायनाच्या मॅडम म्हणे, "अन् खारं का गोडं, तेही तुमीच सांगसान का?"

इतिहासवाले म्हणे, जुन्या बारवेत दुसऱ्यायनं पाय टाकू नये. जवाई बिचारा मधात हात जोडून उभा. मले वाटलं, माह्या पोरीच्या नवऱ्याचाच हिस्सा दाबून राहिले हे लोक! डोकंच सणकलं.

"गप बसा सारे," म्हटलं. "प्रोफेसर आहा का धुऱ्यावरचे भाऊ?"

जवाई हळूच म्हणे, "मामाजी, तसं नाही..."

"तुमी बोलू नका, जवाईबापू. तुमी भोळे आहा."

मंग लावली वाटणी. कठडा इतिहासाले. पाणी रसायनाले. खालचा मुरूम भूगोलाले. मोटरपंप फिजिक्सवाल्याले. पाणी भरतानाची गाणी जवायाले, अन् वरतून सकाळचा चांगला तास, पोरीच्या तोंडाकडे पाहून. बाकीच्या तासाच्या चिठ्ठ्या स्टीलच्या गिलासात टाकल्या, वयानं साऱ्यायत लहान म्हून रसायनाच्या मॅडमच्या हातून उचलल्या. अन् दम भरला, "आता कोणी दुसऱ्याच्या धुऱ्यात पाय टाकला तं गाठ माह्याशी."

काय टाळ्या वाजल्या! भूगोलाचे सर तं पायाच पडले. म्हणे, "आबाजी, आमाले हेच पाहिजे होतं, पण म्हणता येत नव्हतं." प्रिन्सिपॉल मॅडमनं माह्या अंगावर शाल टाकली अन् जवायाले म्हणे, "चला, विषय बंद."

बस स्टँडवर जवायानं खाली मान घालून माहं तिकीट काढलं. मले वाटलं, उपकारानं गहिवरला.

दिवाळीत त्याची पोरगी आली, माही नात. ते त्याच कॉलेजात शिकते. माह्यापुढं पुस्तकं आपटून म्हणे, "आबाजी, एकच विहीर मी पाच डाव पाठ करून राहिली. रसायनात पाणी आहे तं विहीर नाही, इतिहासात विहीर आहे तं पाणी नाही."

"म्हणजे वाटणी पक्की झाली," मी म्हटलं.

"शेताच्या वाटणीत तुमी विहीर वाटता का कधी?"

मी चहाचा कप खाली ठेवला. भाऊ जन्माचे वैरी असोत, वावर वाटा, बैल वाटा, पण विहीर सामाईकच ठेवा लागते. पाण्याच्या पाळ्या लावाच्या, विहिरीले हात लावाचा नाही. गावाले हे मीच शिकवलं. अन् अख्ख्या जिंदगीत एक विहीर वाटली, तेही टाळ्यायच्या गजरात, शाल पांघरून.

पण माफी मी मागणार नाही. फोनवर धड न सांगणाऱ्यानं मागाव. नात म्हणते, पप्पा अर्धा घंटा समजावून राहिले होते, अन् तुमी नुसतं 'हाव, हाव' म्हणून धोतर शोधून राहिले होते. सांगो बापडी. माफी येणं आहे ते एकाच माणसाकडून. नाव ध्यानात ठेवा: प्राध्यापक दिनकर वानखडे, माहा सख्खा जवाई.