पितळी पट्टीवरचं नाव

लोकांच्या सुना साड्या जमवतात, आमची सून सुताराची हत्यारं जमवते, असं सासूबाई घरी येईल त्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. मी विमा कंपनीत नोकरीला होते आणि दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा खायचा सोडून ‘शुक्रवारी’ नावाच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगाऱ्यासमोर उकिडवी बसत असे. रंधे, पटाश्या, गिरमिटं, जे हाती लागेल ते पिशवीत घालून परत ऑफिसात. टेबलाखालून तेलाचा वास यायचा म्हणून शेजारच्या बाई नाकाला रुमाल लावत.

ती वर्षंच तशी होती. बडोद्यात जिकडेतिकडे फ्लॅट उभे राहत होते, गोत्रीच्या बाजूला तर दर महिन्याला नवी सोसायटी दिसे, आणि प्रत्येकाला घरात प्लायवूड आणि सनमायका हवा होता. सुतारांनी विजेवर चालणारे रंधे घेतले आणि बापजाद्यांची हत्यारं किलोच्या भावाने भंगारात घातली. मला मिळत होती ती त्यामुळेच. तरी ढिगाऱ्यात एखादी हाताने घासून चकचकीत झालेली मूठ दिसली की माझं डोकं फिरायचं.

मला खरं वेड होतं ते हत्यार कुणी घडवलं हे शोधायचं. विलायती पटाशीवर कारखान्याचा ठसा असतो, त्यावरून तिचा सगळा इतिहास लागतो. देशी रंध्यावर काही म्हणजे काही नसतं. आमच्या सासरी चार पिढ्यांची नावं सनदांवर आहेत. संस्थानच्या कचेरीत नुसत्या नकला करणारा पूर्वजसुद्धा कागदावर टिकून राहिला, आणि त्या कचेरीचे दरवाजे ज्यांनी घडवले त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. हे मी घरी बोलून दाखवलं की सासूबाई म्हणत, "अगं, पण त्यांनी नाव लिहायचं ना मग."

आणि एका शुक्रवारी नाव लिहिलेला रंधा मिळाला.

शिसवीचा, जड, हाताला बसणारा. पुढच्या बाजूला पितळेची पातळ पट्टी ठोकलेली आणि तिच्यावर टोकदार खिळ्याने ओरखडल्यासारखी बारीक गुजराती अक्षरं. शेवटी ‘पादरा’ एवढं स्पष्ट लागत होतं. आधीचं सगळं वर्षानुवर्षांच्या तेलाखाली गाडलेलं. मी ते नखाने खरवडायला घेतलं आणि थांबले. ज्याचं असेल त्याच्या माणसांसमोर साफ करू, असं मनात आलं.

पुढच्या रविवारी बस पकडून पादऱ्याला गेले. सुतारांची घरं विचारत विचारत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांपर्यंत पोचले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी पट्टीचं सांगितल्यावर ते खाटेवरून उठूनच बसले. त्यांचे आजोबा रंधे घडवून बडोद्याला पाठवत, म्हणाले, आणि प्रत्येकावर स्वतःच्या हाताने नाव कोरत. पण घरात त्यातला एकही उरला नव्हता.

त्यांचा मुलगा, चाळिशीचा, प्लायवूडचं दुकान चालवणारा, दारात उभा राहून हसत होता. "बेन, दरेक डोसाना दादा राजाना मिस्त्री ज हता," तो म्हणाला. प्रत्येक म्हाताऱ्याचा आजोबा राजाचाच मिस्त्री असतो. मला हसू आलं आणि काकांच्या तोंडाकडे बघून ते मी गिळलं.

मुलगा आत गेल्यावर काका हळूच म्हणाले की घरामागची सुतारशाळा पाडून तिथे प्लायवूडचं गोडाऊन होणार आहे. "भले करे. धंधो एनो छे," ते म्हणाले. धंदा त्याचा आहे, खुशाल करू दे. मग पुढे म्हणाले, "पण एक वार ए नाम वांची ले. पछी जे करवुं होय ते करे." मुलाने एकदा ते नाव स्वतः वाचावं, मग हवं ते करावं. एवढीच त्यांची मागणी होती. मी म्हटलं, खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते, तेव्हा दोघंही या. तुमच्यासमोरच पट्टी साफ करू आणि तुमचा मुलगाच वाचेल.

घरी येऊन ही सगळी हकिगत मी सासूबाईंना सांगितली. तेवढंच सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं, पण मी रंगवून सांगितली. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हत्यारांना भंगार म्हणणं सोडलं, आणि मला वाटलं, चला, एक लढाई जिंकली.

खंडेनवमीच्या सकाळी न्हाऊन बाहेर आले तर देवघरासमोर पाट मांडलेला. त्यावर आजेसासऱ्यांची म्यान गंजलेली तलवार, घरातली विळी, माझ्या पटाश्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि मधोमध तो रंधा. त्याच्यावरची पट्टी सोन्यासारखी झळकत होती.

दसऱ्याआधी देवाची पितळी भांडी पॉलिशवाल्याकडे पाठवायची आमच्या घरची पद्धत आहे. समई, घंटा, निरांजन, ताम्हन, सगळं मशीनच्या चाकावर घासून नव्यासारखं होऊन येतं. मी ऑफिसात असताना सासूबाईंनी त्यांच्याबरोबर रंधाही पाठवला होता. माझ्यापासून लपवून, कौतुकाने.

"कसं लख्ख झालंय बघ," त्या म्हणाल्या. "पाहुणे यायचे, त्यांच्या पूर्वजांची वस्तू, ती काय काळीकुट्ट ठेवायची?"

मी पट्टी उजेडात धरली. तिरकी धरली. भिंग आणलं. त्यात मला माझा स्वतःचा डोळा दिसत होता. नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, एका अक्षराची शेपटीसुद्धा शिल्लक नव्हती. ते आजोबांचं नाव होतं की दुसऱ्याच कुणाचं, हे आता जगात कुणालाही कधीही कळणार नव्हतं. मी रंधा परत पाटावर ठेवला. सासूबाईंवर ओरडायला मी तोंड उघडलं, पण त्या आनंदाने रंध्यावर आणखी एक फूल वाहत होत्या. एवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. मुलाचा हात धरून जिना चढले. सासूबाईंनी दोघांना पेढा दिला, रंधा उचलून स्वतः काकांच्या मांडीवर ठेवला आणि कसा साफ करून घेतला ते आपल्या धेडगुजरीत सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आता सांगायला हवं, आता सांगते, असं मनाशी म्हणत राहिले.

काकांनी रंधा मुलाच्या हातात दिला. "वांच," ते म्हणाले. "शुं लख्युं छे?"

मुलाने पट्टीकडे पाहिलं. रंधा फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. आता तो हसेल, म्हणेल की बघा बापूजी, मी सांगत नव्हतो, अशी माझी खात्री झाली.

तो वाचू लागला. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मिस्त्री, पादरा. मध्ये एका अक्षराशी थांबला, डोळे बारीक केले, जुनं अक्षर लागत नसल्यासारखा अडखळला आणि मग पुढे गेला. सासूबाईंनी हात जोडले. मी मात्र त्या माणसाकडे बघतच राहिले.

काकांनी रंधा परत मागून घेतला. जन्मभर लाकडावर फिरलेला अंगठा त्यांनी पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मग उलटा फिरवला. तो कुठेही अडला नाही. मुलगा खाली फरशीकडे बघत बसला होता.

"फरी वांच," काका म्हणाले आणि रंधा त्याच्याकडे दिला.

मुलाने पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि ते नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं.