नाव बदलले आहे

पडद्यावर माझ्या आईचा डावा हात होता. भिंतीएवढा. दोन बोटं अर्ध्यातून तुटलेली. सर त्या थोट्या बोटांवरून लेझरचा लाल ठिपका फिरवत म्हणाले, "ही आपली प्रतिसादक. प्रेस शॉपमधली, पत्रा दाबणाऱ्या मशीनवरची कंत्राटी कामगार. हाताकडे नीट बघा."

सगळ्यांनी नीट बघितलं. मागे कुणीतरी "ईऽऽ" केलं. समाजशास्त्राच्या एम.ए.च्या मुलांमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले होते. ती माझी आई आहे हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

तसं आईनंच ठरवलं होतं. मुलाखतींसाठी सरांनी वर्ग चाकणकडच्या आमच्या चाळीत आणला, तेव्हा मी तिथली आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. आई शिफ्टहून परतत होती. सरांनी तिचा हात पाहिला आणि तिलाच निवडलं. याला सहेतुक नमुना निवड म्हणतात, आम्ही परीक्षेत व्याख्येसकट लिहितो. मी पुढं व्हायला लागले तर आईनं डोळ्यांनीच दटावलं. पोरीला वर्गात कुणी हिणवू नये म्हणून. गावातल्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, त्यांचे बंगले झाले. आमच्याकडं जायला जमीनच नव्हती. त्यात आमची जात. हिणवणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको.

"मावशी, बिनधास्त बोला. तुमचं नाव कुठंही येणार नाही," सर तिला म्हणाले होते. ती बोलली. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझर मशीनचा सेन्सर, हात आत असला की मशीन थांबवणारा, बंद ठेवायचे. हात आत असतानाच प्रेस खाली आला. कागदावर 'घरी झालेला अपघात' लिहिलं आणि तिच्या धड राहिलेल्या उजव्या हातानं सही करून घेतली. हे तिनं आजवर माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

ते सगळं आता पडद्यावर होतं. चाळ, प्रेस शॉप, शिफ्ट, सेन्सर, हात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'नाव बदलले आहे.' तेवढंच काय ते बदललं होतं.

पहिल्या रांगेत पाहुणे होते. एचआरचे साहेब. सरांच्या प्रकल्पाला काही कंपन्यांचा पैसा होता, त्यातल्या एका कंपनीचे. त्यांच्या शर्टवरचं चिन्ह मी ओळखलं. आईच्या गणवेशाच्या खिशावर तेच आहे.

साहेब शांतपणे म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग. कंपनी कुठली, सर?"

"ते आम्ही विचारतच नाही. गोपनीयता!" सर हसले. मग पाहुण्याला नाराज कशाला करा म्हणून जोडलं, "पण आमची एक विद्यार्थिनी तिकडचीच आहे. सांगेल ती चहाच्या वेळी."

त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, तशी मी वहीत मान घातली.

चहाच्या वेळी साहेब कागदी कप घेऊन सरळ माझ्याकडं आले. आवाज मऊ. नको इतका मऊ. "ताई, घाबरू नका. आम्हाला तिला मदतच करायचीय. नाव काय त्या बाईचं?"

"माहीत नाही."

"अगं, लाजतेस काय?" सर शेजारीच होते. "साहेब उद्या तुझ्या नोकरीचं बघतील. सांगून टाक."

साहेब माझा चेहरा निरखत होते. "तुमची कोण लागते?"

"कुणी नाही."

बोलले मी. जिनं त्या थोट्या हातानं डबे बांधून मला कॉलेजात धाडलं, ती माझी कुणी नाही. तिला वाचवायचं तर तिला नाकारायचं, ही वेळ माझ्यावर आणली होती. स्वतःची एवढी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि शरमेच्या मागोमाग संताप आला.

मी कप ठेवला आणि हॉलमध्ये गेले. रिकाम्या खुर्च्यांसमोर हात अजून पडद्यावरच होता. प्रोजेक्टरची वायर ओढली. पेनड्राइव्ह उपटून मुठीत धरला.

सर धावत आले. "काय चाललंय हे?"

"सर, प्रतिसादकाला कधीही माघार घेता येते, हे तुम्हीच शिकवलंत. ती माघार घेतेय."

"तिच्या वतीनं बोलणारी तू कोण? तुझा प्रबंध माझ्याकडं आहे, विसरू नकोस."

"ठेवा तुमच्याकडंच."

दारात साहेब उभे होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात पडद्याचा फोटो होता, हातासकट.

"काळजी करू नका, ताई," ते म्हणाले. "आम्ही शोधू."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. 'कुणी नाही' म्हणाले, तेही. वाटलं, आता रडेल.

"म्या सांगितलं त्यातलं काय खोटं व्हतं?" तिनं विचारलं.

"काहीच न्हाई."

"मग लपायचं तर त्यांनी लपावं. आपण कशापायी?"

तिचं काम जाईल. खोलीही जाईल, कारण चाळीच्या मालकाचे टेम्पो त्याच कंपनीत लागतात. माझं एम.ए. तर गेल्यातच जमा आहे. कालपासून चाळीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी येऊन थांबते. काचा काळ्या. कुणी उतरत नाही, कुणी काही विचारत नाही.

उद्या सकाळी आम्ही दोघी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात जाणार आहोत. अर्ज मी लिहिलाय, आईच्या शब्दांत, एकही शब्द न सुधारता. कंपनीचं नाव आहे, सुपरवायझरचं आहे, आईचं आहे. खाली माझंही आहे, मुलगी म्हणून. गाडीत बसलेल्यांनी तेही टिपून घ्यावं.